बर्फ इंचभरच पडणार, मग एवढा इशारा कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ऑगस्टपासून मिनियापोलिसला एमएस करते आहे. तिकडच्या अंदाजात ‘कडाक्याची थंडी, जोराचा वारा, हलका हिमवर्षाव’ असं आलंय. मंगळवारी रात्री एक ते दोन इंच बर्फ, बुधवारी कमाल उणे 9, रात्री किमान उणे 27, आणि वाऱ्यामुळे जाणवणार उणे 40. लेक म्हणते, ‘आई, मागच्या महिन्यात आठ इंच पडला तेव्हाही काही झालं नाही, हा तर इंचभर.’ आम्ही निफाडचे, थंडी आम्हाला नवी नाही, पण उणे 40 वाचून झोप उडाली. हे वाचायचं कसं? बुधवारी तिची लॅब संध्याकाळी सहापर्यंत आहे.

ताई, लेक इंच मोजतेय, आणि या अंदाजातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आकडा तोच आहे. मी इथे, अमेरिकेत, रस्त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आणि वीजपुरवठा करणाऱ्यांसाठी हिवाळ्याचे अंदाज काढतो. असा आठवडा समोर आला की आमच्या खोलीत पहिला प्रश्न एकच असतो: वारा वायव्येला किती वाजता फिरणार? बर्फ किती पडणार हे कुणी विचारलं तर ते दहा मिनिटांनी, चहा घेता घेता.

असा अंदाज बहुतेक वेळा ‘अल्बर्टा क्लिपर’ नावाच्या छोट्या, चपळ कमी दाबाच्या पट्ट्याचा असतो. कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर, अल्बर्टा प्रांतात तो तयार होतो आणि आग्नेयेकडे धावत सुटतो. चालण्याचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर सहज. मोठी हिमवादळं मेक्सिकोच्या आखातातून बाष्प ओढून आणतात, म्हणून ती फूट-फूट बर्फ टाकतात. क्लिपरला तेवढी सवडच नसते. कोरड्या मुलखातून आला, भुरभुर केली आणि चार-सहा तासांत पुढे गेला. एक ते दोन इंच म्हणजे अडीच ते पाच सेंटिमीटर, आणि तोही इतका हलका की चार सेंटिमीटर थर वितळवला तर जेमतेम दोन मिलिमीटर पाणी हाती लागेल. तुमच्याकडे एवढ्याला कुणी पाऊस म्हणणार नाही, शिडकावा म्हणतील.

खरा ऐवज त्याच्या पाठीमागे असतो. युकॉनपासून हडसन उपसागरापर्यंतच्या बर्फाच्छादित सपाटीवर, जिथे डिसेंबर-जानेवारीत सूर्य नावापुरता उगवतो किंवा उगवतच नाही, तिथे आठवडा-आठवडा साचून जड झालेली हवा या क्लिपरच्या मागून दक्षिणेला लोटते. दाब झपाट्याने चढतो, नकाशावर समदाब रेषा (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटतात आणि वारा आग्नेय-दक्षिणेकडून वळून वायव्येचा होतो. मध्ये आडवं यायला डोंगर नाही. कॅनडाच्या प्रेअरीपासून, म्हणजे गवताळ मैदानांपासून, मिनेसोटापर्यंत सगळं सपाट.

आता तुम्ही दिलेला ‘कमाल उणे 9’ बघा. तुम्ही काय वाचलंत? दुपारी उणे 9, म्हणजे दिवसा बरं असेल, रात्री वाईट. अॅपवर तसंच दिसतं, सूर्याचं छोटं चित्रसुद्धा असतं शेजारी. पण अशा दिवशी कमाल तापमान दुपारी नसतंच. ते मंगळवार संपून बुधवार लागतो त्या मध्यरात्री नोंदलं जातं, आणि तिथून पारा दिवसभर खालीच उतरत जातो. सकाळी आठला ती बाहेर पडेल तेव्हा उणे 14 असेल, दुपारी तीनला उणे 19, संध्याकाळी सहाला लॅबमधून निघेल तेव्हा उणे 22. ऊन पडलेलं असेल, आकाश निळंशार असेल, आणि तरी दुपार सकाळपेक्षा थंड. नवीन आलेले विद्यार्थी फसतात ते इथेच. सकाळच्या हवेचे कपडे करून जातात आणि परतताना वेगळ्याच शहरात उतरल्यासारखे बस-स्टॉपवर उभे राहतात.

म्हणून लेकीला सांगा, दिवसाचा एक आकडा दाखवणारं अॅप या तीन दिवसांपुरतं बाजूला ठेव. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आपलं ठिकाण टाकलं की तासातासाचा आलेख मिळतो: तापमान, वारा, झोत, विंड चिल (वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी), बर्फ, सगळं एकाखाली एक. त्यात वाऱ्याची दिशा जिथे बदलते ती उभी रेघ शोधायची आणि आपला दिवस त्या रेघेभोवती बसवायचा. जमलं तर तिथलाच ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा मजकूरही वाचायचा. मिनियापोलिससाठी तो चॅनहॅसनच्या कार्यालयातून निघतो, आणि अंदाज काढणाऱ्याला कुठे खात्री आहे, कुठे नाही, हे तो त्यात सरळ लिहितो. चित्रांमध्ये ते कधीच येत नाही.

उणे 40 चं आता. ही हवेची मोजलेली थंडी नाही. उघड्या चेहऱ्याची उष्णता वारा किती वेगाने पळवतो याचा तो हिशोब आहे. उणे 25 अंश हवा आणि ताशी 35 किलोमीटर वारा सूत्रात घाला, उणे 40 येतात. (उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे निदान या आकड्यापुरता एककाचा घोळ नाही. बाकी वेळी लेक ‘मायनस टेन’ म्हणाली तर कुठलं ते विचारून घ्या. तिकडचं मायनस टेन म्हणजे आपलं उणे 23.) हल्लीचं सूत्र 2001 सालचं आहे. त्यासाठी टोरांटोत माणसांना वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता मोजली होती. त्याआधी वापरात होतं ते 1940 च्या दशकातलं, अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो यावरून काढलेलं. ते फार कडक आकडे द्यायचं. आज जिथे आम्ही उणे 44 सांगतो तिथे जुन्या तक्त्यात उणे 55 यायचे. म्हणून इथली जुनी मंडळी ‘आमच्या वेळची थंडी’ सांगायला लागली की अर्धी मान हलवायची आणि साल विचारायचं.

विंड चिलचा अर्थ फक्त कातडीपुरता. मोटारीला, नळाला, भिंतीला वारा लवकर थंड करतो, पण हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. बाहेर उणे 25 असेल तर गाडी उणे 25 लाच थांबेल, वारा कितीही सुटू दे. माणसाच्या बाबतीत मात्र हा आकडा थेट घड्याळ आहे. कॅनडाच्या हवामान खात्याची फोड मला सोयीची वाटते: विंड चिल उणे 28 ते उणे 39 असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठते, उणे 40 ते उणे 47 असेल तर पाच ते दहा मिनिटांत. बुधवारी दुपारी तीनचे उणे 19 आणि ताशी 40 चा वारा मिळून उणे 33 होतात. सहा वाजता उणे 36-37. म्हणजे लॅब सुटल्यावर उघड्या तोंडाने पंधरा मिनिटं बसची वाट पाहिली तर ती धोक्याच्या पट्ट्यात उभी आहे, आणि त्या क्षणी बर्फाचा एक कणही पडत नसेल.

पडत नसेल म्हणजे उडत नसेल असं मात्र नाही. ‘इंचभरच’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो. मागच्या महिन्यातला आठ इंची बर्फ शून्याच्या आसपास पडलेला, ओला आणि जड होता. पडला तिथे बसला, नांगर फिरले, मीठ टाकलं, दोन दिवसांत रस्ते काळे. क्लिपरचा बर्फ वेगळा. उणे 12 ते उणे 18 अंशांच्या ढगात तयार होणारे स्फटिक फांद्या-फांद्यांचे असतात, त्यांच्या थरात बहुतेक हवाच. तेवढ्यात तापमान कोसळलं की ते एकमेकांना चिकटतही नाहीत. रव्यासारखा सुटा राहिलेला हा बर्फ ताशी पन्नासच्या झोतात जमिनीलगत सरपटायला लागतो. शहरात इमारतींमुळे तो कोपऱ्याकोपऱ्यांत साठतो, फारसं बिघडत नाही. पण शहर सोडून पश्चिमेला, डकोटाच्या दिशेने अर्धा-पाऊण तास गेलं की वर निळं आकाश आणि खाली कमरेपर्यंत पांढरा पूर, रस्त्याची कड दिसत नाही. इथे ब्लिझार्ड म्हणायला बर्फ पडावाच लागत नाही. ताशी 56 किलोमीटरचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, चारशे मीटरच्या आतली दृश्यमानता, आणि हे सलग तीन तास, एवढी व्याख्या. पडलेला बर्फ उडूनही ती पुरी होते. मिनेसोटा आणि डकोटात महामार्गांवर चढायच्या वाटांवर रेल्वे फाटकासारखी फाटकं बसवलेली आहेत, ती अशाच दिवशी लागतात.

वारा फिरण्याची वेळ इतकी का धरून बसतो, त्याला इथे जुना आधार आहे. 12 जानेवारी 1888 ला या प्रेअरीवर सकाळ उबदार होती, मुलं हलक्या कपड्यांत शाळेत गेली, पुरुष गुरं घेऊन बाहेर पडले. वायव्येची भिंत आली ती कुठे दुपारी, कुठे नेमकी शाळा सुटायच्या वेळेला. पिठासारखा बर्फ आणि कोसळता पारा. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत घरी निघालेली मुलं पुष्कळ. त्या वादळात बर्फ किती इंच पडला हे आज कुणी सांगत नाही, ते किती वाजता आलं हे सगळे सांगतात. आणि अलीकडचं हवं तर 30 जानेवारी 2019. मिनियापोलिसला पारा उणे 33, शिकागोला उणे 30 च्या खाली. टपाल खात्यानं मिनेसोटासह बऱ्याच राज्यांत त्या दिवशी वाटप थांबवलं, ते बर्फ साचला म्हणून नव्हे, नुसत्या थंडीमुळे. त्या वेळी टीव्हीवर ‘पोलर व्होर्टेक्स शहरात आला’ असं चाललं होतं. व्होर्टेक्स म्हणजे ध्रुवाभोवती फिरणारा थंड हवेचा भोवरा, तो पंधरा-वीस किलोमीटरच्याही वर, वातावरणाच्या स्थितांबर नावाच्या थरात असतो. त्या जानेवारीच्या सुरुवातीला तो फुटला होता हे खरं, पण तो कुणाच्या अंगणात उतरत नाही, त्याच्या विस्कटण्याने खालच्या हवेचे प्रवाह तेवढे वाकतात.

रस्त्यावरच्या मिठाचंही सांगतो, कारण माझी पोळी त्याच्यावर आहे. साधं मीठ उणे 9 च्या खाली गेलं की रडतखडत काम करतं, उणे 15-18 ला टाकलं काय न टाकलं काय. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळावं लागतं, नाहीतर नुसती वाळू टाकून पकड आणायची. त्यात चौकाचौकांत गाड्या सिग्नलला थांबतात, त्यांच्या धुराड्यातली वाफ तिथेच डांबरावर गोठते आणि चाकांनी घासून तिची काच होते. डोळ्यांना रस्ता कोरडा दिसतो. अशा दिवशी बस वीस मिनिटं उशिरा येते ती त्यामुळे, आणि वीस मिनिटांचं काय होतं ते वर आलंच आहे.

गुरुवारची पहाट तुम्हाला माझ्याइतकीच कळेल. निफाडला द्राक्षवाले कुठल्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात? ढग नाहीत, वारा पडलाय, हवा कोरडी, त्या रात्री. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो अशाच रात्रीचा. इथेही तेच शास्त्र. जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, वर ताजा पांढरा बर्फ, तो खालच्या मातीची ऊब वर येऊ देत नाही. बुधवारी मध्यरात्रीनंतर वारा मंदावला तर पारा उणे 27 वर थांबणार नाही, गुरुवारी सूर्योदयाला उणे 29 किंवा त्याखालीही जाईल. पण ताशी सहा किलोमीटरच्या झुळकीत विंड चिल भरतो उणे 35. म्हणजे थर्मामीटरचा नीचांक गुरुवारी पहाटे आणि चेहऱ्याचा नीचांक बुधवारी रात्री. बर्फाचा दिवस तर मंगळवारच. अंदाजाच्या एका ओळीत तिन्ही शेजारी-शेजारी छापतात म्हणून ती एकाच वेळी येतील असं वाटतं. तसं होत नाही.

गुरुवारचा किमान आकडा मात्र कुणी छातीठोक सांगितला तर विश्वास ठेवू नका. पातळ ढगाची एक चादर पहाटे दोन वाजता आली तर पाच-सात अंशांचा फरक पडतो, आणि अशा ढगाचा अंदाज दोन दिवस आधी देणं अजून कुणाला नीट जमत नाही. विमानतळाचा आकडा आणि शहराबाहेरच्या शेतातला आकडा यांतही तेवढंच अंतर असतं. वारा फिरण्याच्या वेळेत दोन दिवस आधी तीन-चार तासांची चूक धरा, आदल्या संध्याकाळी ती तासाभरावर येते. म्हणून मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर पुन्हा एकदा आलेख उघडायचा. सरकारी इशाऱ्याचं नावही बघून ठेवा: पूर्वी ज्याला ‘विंड चिल वॉर्निंग’ म्हणत, ते ऑक्टोबर 2024 पासून ‘एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग’ झालंय. त्याच्या खालची पायरी ‘कोल्ड वेदर अॅडव्हायझरी’. मर्यादा प्रदेशागणिक वेगळ्या. मिनेसोटात इशारा निघाला म्हणजे मिनेसोटाच्या लोकांनाही तो लागू आहे, एवढं समजून चालायचं.

लॅबला जाऊ दे का? जाऊ दे. घाबरून घरी बसवण्यासारखं यात काही नाही, लाखो माणसं त्या दिवशी कामावर जातात. मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत तर इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत, स्कायवे म्हणतात. पंधरा किलोमीटरच्या आसपासचं ते जाळं अशाच दिवसांसाठी आहे. फक्त परतीची सोय सकाळीच ठरलेली हवी: बस कुठे आहे ते फोनवर बघून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दाराबाहेर पडायचं, आणि एखादी मैत्रीण गाडीने जाणार असेल तर भिडस्तपणा न करता ‘मला सोड’ म्हणायचं. शहराबाहेर पश्चिमेला कुणी फिरायला बोलावत असेल तर बुधवारी आणि गुरुवारी सकाळी साफ नाही.

कपड्यांची यादी तुम्हाला तिकडच्या कुणीही दिली असेल, मी दोन-तीनच गोष्टी सांगतो ज्या आपली मुलं हटकून चुकवतात. अंगालगत सुती काही नको. घाम धरून ठेवतं आणि उलटतं. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटं एकत्र राहणारे मिटन्स दुप्पट गरम. बुटात मोज्यांच्या तीन जोड्या कोंबून पाय आवळला तर रक्त पोचत नाही, पाय आधी गोठतो. आणि कानातलं, नाकातलं धातूचं काही असेल तर ते दोन दिवस काढून ठेवायला सांगा. उणे 25 मध्ये धातू पाळीची ऊब शोषून घेतो, आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. आपल्या रंगाच्या कातडीवर तो पुस्तकातल्यासारखा पांढराफटक दिसतोच असं नाही, राखाडी, मेणचट दिसतो. खूण त्याहून सोपी आहे: दुखत होतं ते दुखायचं थांबलं, बधिर झालं, की आत जायचं. चोळायचं नाही, शेगडीसमोर धरायचं नाही, अंगाइतक्या कोमट पाण्यात बुडवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

घरात: सिंकखालचं कपाट उघडं ठेवून नळाची बारीक धार चालू ठेवायची, म्हणजे बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठत नाही. भट्टीचं धुराडं, ज्यातून घर गरम करणाऱ्या यंत्राचा धूर बाहेर पडतो, ते भिंतीतून जमिनीजवळ निघत असेल तर उडत्या बर्फाने ते बुजलं नाही ना हे बघायचं. बुजलं तर घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. भाड्याच्या घरात त्याचा अलार्म असतो, पण त्याची बॅटरी कुणीतरी रिमोटसाठी काढलेली असते. तो दाबून वाजतो का ते आजच बघायला सांगा. घोळणा फुटला तर तुम्ही निफाडात घाबरू नका. एवढ्या थंड हवेत बाष्प जवळपास नसतंच, ती आत येऊन तापली की मे महिन्यातल्या विदर्भापेक्षा कोरडी होते. उशाशी पाण्याचं भांडं आणि नाकात थोडं व्हॅसलीन पुरतं. उकळतं पाणी हवेत फेकून त्याचा धूर होतो त्याचा व्हिडिओ काढायचा मोह तिला होणारच. 2019 मध्ये शिकागोत माणसं ते करताना वाऱ्याने उलटं आलेलं पाणी अंगावर घेऊन इस्पितळात गेली होती.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही फोन कराल आणि तो बहुधा लागणार नाही. तुमच्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट असेल. उणे 22 ला बाहेरच्या खिशातला फोन साठ टक्के चार्जिंग दाखवता दाखवता बंद पडतो, खोलीत गेल्यावर पुन्हा चालू होतो. तो आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायला सांगा, आणि पोचल्यावर तिनंच फोन करायचा असं आत्ताच ठरवून टाका. साडेसहाला निघाली तर तुमच्याकडे पहाटेचे सहा वाजलेले असतील. सातपर्यंत वाट बघून मग तिच्या रूममेटला लावा, तिचा नंबर आज घेऊन ठेवा.